ठासणीच्या रायफलचा दस्ता खरंच सडसडीत आहे का, हे कसं बघायचं

पेनसिल्व्हेनियात आल्यापासून मला लाँगरायफलचं वेड लागलंय, आणि या नादाला नवीन लागलेला प्रत्येक माणूस हेच विचारतो की सेमी-कस्टम घेऊ का कस्टम, कस्टमचा दस्ता जास्त सडसडीत असतो ना? असतोच असं नाही. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, ठासणीची बंदूक म्हणजे कोकणात शेतीसंरक्षणाच्या लायसनवर असते तीच जात, तोंडातून दारू नि गोळी ठासायची, फक्त ही इथली चकमकीची, लांब नळीची आणि नळीला आतून पीळ पाडलेले. सेमी-कस्टममध्ये दस्ता मशीनवर बराचसा घडवून येतो, नळीची खोबण आणि गजाचं, म्हणजे गोळी ठासायची काठी नळीखाली ठेवायचं भोक तयार असतं, कारागीर पुढचं काम करतो. कस्टम म्हणजे मेपलच्या फळीपासून सगळं हाताने.

आधी एक करा, रायफल हातात घेतली की ती भरलेली नाही ना हे मालकासमोर गज आत सोडून तपासा, गज बाहेर धरून लांबी जुळवा, मग बाकीचं.

मग ती कुठल्या घराण्याची नक्कल आहे ते विचारा. १७७० च्या आसपासची लँकेस्टरची रायफल मुळातच भरीव असते, तिच्यात जर्मन येगर रायफलचा अंश असतो, मागचा भाग चांगला रुंद. १८०० च्या आसपासच्या रायफली बारीक होत गेल्या, आणि बेडफर्ड काउंटीच्या तर लॉकपासूनच (लॉक म्हणजे बाजूची चकमकीची यंत्रणा) लांबट नि निमुळत्या. सेंट लुइसची हॉकेन जाडच असणार, तिला जाड म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. जाडी कुठे आहे ते शोधा. वरवरच्या लाकडात असेल तर कानशीने जाते, आतल्या मांडणीत असेल तर काही केल्या जात नाही. मांडणी म्हणजे तीन गोष्टी: नळी केवढी, गजाचं भोक कुठे आणि लॉक केवढं.

नळी सरळ अष्टकोनी असेल तर पुढच्या टोकापर्यंत तेवढंच लाकूड सोबत न्यावं लागतं. चांगल्या नळ्या मागे साधारण १ इंच, मधे पाऊण इंचाच्या आसपास आणि तोंडाशी परत जराशा जाड असतात, आणि दस्ताही त्याच वळणाने गेला पाहिजे. वरून बघा, नळीच्या दोन्ही बाजूंना लाकडाची कड किती दिसते. कॅलिपरने (जाडी मोजायच्या सरकत्या मापकाने) पूर्ण रुंदी घ्या, नळीची वजा करा, अर्धी करा. २-३ मिमी आली तर हात चांगला, ५ आली तर लाकूड शिल्लक आहे, पण ते काढता येतं.

खरी मेख गजाच्या भोकात असते. गज जिथे लाकडात शिरतो तिथे नळीच्या वरच्या कडेपासून दस्त्याच्या तळापर्यंत उंची मोजा. हिशोब सोपा आहे, तिथे नळी २२ मिमी धरली, नळी आणि गज यांच्यातली भिंत ३-४, गज साडेनऊ, खालचं लाकूड ३, म्हणजे ३८ च्या आसपास. मोजमाप ४४-४५ आलं तर जास्तीचे ६ कुठे गेले? नळी बाहेर काढू देत असतील तर तिच्या खालच्या लगसाठी (नळी दस्त्याला जखडणाऱ्या धातूच्या कानासाठी) दस्त्यात केलेल्या खाचेत कॅलिपरची मागची दांडी घाला, बऱ्याचदा ती खाच गजाच्या वाटेपर्यंत पोचलेली असते, तिथे भिंतीची जाडी कळते. ती भिंत फारच पातळही चालत नाही, कारण लॉकचा पुढचा स्क्रू तिच्यातूनच जातो.

हे मी पैसे देऊन शिकलोय. माझी पहिली सेमी-कस्टम पुढून फळीसारखी लागायची, म्हटलं तळाला रंधा मारू, जाईल जाडी. ट्रिगर गार्डच्या पुढे घासत गेलो, लाकूड बोटाखाली दबल्यासारखं लागलं आणि पुढच्या दोन हातात एक काळी बारीक फट उघडली. गजाचं भोक. ड्रिल आत जाताना खाली घसरलं होतं, म्हणजे सगळी जाडी वरच्या भिंतीत होती आणि खाली जेमतेम साल. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं आणि मी मोजलं नव्हतं, रात्रभर झोप लागली नाही.

मूठ आणि लॉकच्या आजूबाजूचं फार लांबवत नाही. लॉकच्या पट्टीभोवती लाकडाची कड सगळीकडे सारखी आणि अरुंद असावी, एका बाजूला रुंद दिसली तर काम अर्धवट आहे. मुठीला दोरी गुंडाळून घेर मोजा, पण इथे बारीक म्हणजे चांगलं असं धरू नका, रेषे मुठीतून तिरपे बाहेर पडत असतील तर बारीक मूठ मोडते, जुन्या अस्सल रायफलींच्या मुठी दुरुस्त केलेल्या खूप दिसतात. मागचा दस्ता टोकाच्या धातूच्या पट्टीपासून मुठीपर्यंत सरळ निमुळता जावा, मधे पोट सुटलेलं दिसलं तर ते लाकूड कुणी काढलेलंच नाही.

एक युक्ती, खोलीतला दिवा बंद करून टॉर्च दस्त्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, फुगवटे आणि कानशीचे सपाट पट्टे लगेच उठून दिसतात.

आणि सेमी-कस्टमला कमी लेखू नका. ओहायोच्या जिम किबलरचं सदर्न माउंटन रायफलचं किट सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलेलं असतं, आणि हाताने बनवलेल्या कितीतरी कस्टमपेक्षा ते सडसडीत आहे, कारण आधी मांडणी नीट केलीय. उलट मी अशा कस्टम हातात घेतल्यात की कारागीर लाकूड काढायला घाबरला हे नुसत्या वजनावरून कळतं. मोकळा वेळ काढून नाझरेथजवळच्या बोल्टनला जा, तिथे जेकब्सबर्गच्या लाँगरायफल म्युझियममध्ये अस्सल रायफली आहेत, अर्धा तास नुसत्या नळीच्या कडेने बघत उभे राहा आणि मगच विकत घ्यायला निघा.