क्लच पेडल तळाला बसतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

सकाळी गाडी सुरू करून रिव्हर्स टाकायला गेलो तर कर्रर्र! पेडल अलगद तळाला गेलं आणि तिथेच बसलं. गॅरेजवाल्याने बोनेटही न उघडता निकाल दिला, "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." प्रत्यक्षात गेला होता तो एक रबरी वॉशर.

मारुती ८०० सारख्या गाडीत क्लचला केबल असते. क्वालिस, सुमो अशा गाड्यांत मात्र पेडलमागचा मास्टर सिलिंडर ऑइल (ब्रेकमध्ये असतं तेच) ढकलतो आणि खाली गिअरबॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवणारा फोर्क हलवतो. या दोघांच्या मध्ये फक्त नळी. बिघाड या बाहेरच्या भागात आहे की आत प्लेटमध्ये, हे आधी ठरवायचं. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो, अशी लक्षणं असतील तर संशय बहुधा प्लेटवर घ्यावा. पण पेडल मऊ लागतंय आणि गिअर पडत नाही, तर आधी ऑइलकडे बघा.

बोनेटखालच्या क्लच ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. ब्रेकचं ऑइल पॅड झिजले की आपोआप थोडं उतरतं, क्लचचं तसं होत नाही. उलट प्लेट झिजेल तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि पातळी किंचित वर येते. म्हणून इथे ऑइल कमी दिसलं की ते कुठून तरी गळतंय, असंच धरा. नुसतं भरून झाकण लावू नका. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच टाकी असते. तिथे तर हा प्रश्न ब्रेकचाही आहे.

आता ड्रायव्हरच्या पायाशी वाका. पेडलचा दांडा जिथे पत्र्यातून पलीकडे जातो, तिथे बोट फिरवा. बोट ओलं झालं, खालचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले दिसले, तर मास्टर गेलाय. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे ही खूण सहसा फसवत नाही. मग गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. गाडी उचलायची असेल तर स्टँडवरच टेकवा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. स्लेव्हची रबरी टोपी जराशी सोलून बघा. आतून काळं ऑइल ओघळलं तर दोषी तोच.

कुठेच ओल नाही? पेडल चार-पाच वेळा भराभर दाबून पंप मारा. पेडल वर आलं आणि गिअर पडला, तर बहुधा आत हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टरचा आतला वॉशर दाब सोडतोय. कोणाला तरी पेडल दाबायला सांगून नळीकडेही बघा, जुनी रबरी नळी फुगताना डोळ्यांना दिसते. स्लेव्हचा दांडा सेंटीमीटरभर तरी सरकायला हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. तो पुरता सरकतोय आणि तरीही गिअर पडत नाही, तर मात्र गॅरेजवाला बरोबर होता.

किट, म्हणजे नव्या रबरी वॉशरांचा संच, घालताना सिलिंडर आतून नीट बघा. नख अडकेल असा ओरखडा असला तर किटवर पैसे घालू नका, अख्खा सिलिंडर बदला. माझं मत विचाराल तर मास्टर आणि स्लेव्ह एकदमच करा. एक नवा झाला की दुसऱ्याचे जुने वॉशर बऱ्याचदा लवकरच हार मानतात. वॉशर धुवायला ब्रेक ऑइलच वापरा, पेट्रोल-रॉकेल नको, इंजिन ऑइल तर अजिबात नको. त्याने रबर फुगतं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा) जे लिहिलं असेल तेच ऑइल घ्या, तेही सीलबंद डब्यातलं, कारण उघडं राहिलेलं ऑइल हवेतली ओल शोषतं.

शेवटचं काम एअर काढण्याचं. स्लेव्हवरचा निप्पल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच लावा. साध्या पान्याने कोपरे झिजले की दिवस गेला. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आमच्याकडे पेडलवर बायको असते. ती "दाबलं" म्हणते, मी निप्पल सोडतो, बुडबुडे निघतात, निप्पल आवळतो, मग "सोड" म्हणतो. हा क्रम चुकला की बाहेरची हवा पुन्हा आत. सुरुवातीला पेडल हाताने वर ओढावं लागतं, आणि दर चार-पाच खेपांनी टाकी भरावी लागते. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात!

बुडबुडे थांबले आणि पेडल घट्ट लागलं की इंजिन चालू करून रिव्हर्स टाका. आवाज न करता पडायला हवा. रात्री स्लेव्हखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी त्यावर डाग दिसला तर कुठला तरी जोड आवळायचा राहिलाय.