लहान तोंडाची चूल कशी घालावी

नाशिकहून पेठ-सुरगाण्याच्या रस्त्याला लागलात की डोक्यावर मोळी घेऊन रानातून उतरणाऱ्या बाया दिसतातच. घरात सिलिंडर असतो, पण तो चहाला आणि पाहुण्यांसाठी. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, छपराला आणि बाईच्या तोंडाला. तोंड ऐसपैस असलं की गार वारा आत घुसतो, जाळ बाहेर येतो आणि आपण आणखी एक लाकूड सारतो. म्हणून चूल लहान तोंडाची हवी. घालायला दोन दिवस लागतात, वाळायला तीन आठवडे. दिवाळीनंतर हात घाला, पावसाळ्यात नको.

माती. काळी माती घेऊ नका. माझी पहिली चूल मळ्यातल्या काळ्या मातीची होती, वर ती उन्हात वाळवली. चौथ्या दिवशी बोट जाईल एवढी भेग पडली. तांबडी चिकण माती आणा, किंवा पडक्या वारुळाची (नांदत्या वारुळाच्या वाटेला जाऊ नका). तीन घमेली मातीला एक घमेलं भाताचा तूस आणि ओंजळभर शेण. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागात भाताच्या गिरणीवर तूस सहज मिळतो. चूल पेटल्यावर आतल्या बाजूचा तूस जळतो, मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि भिंत उष्णता कमी ओढते. पाणी घालून चांगली तुडवा आणि ओल्या गोणपाटाखाली तीन-चार दिवस मुरू द्या.

साचा. केळीचा पाच इंच जाडीचा खुंट घ्या. एक फूटभर तुकडा आडवा ठेवा. त्याच्या मागच्या टोकावर दुसरा उभा करा आणि बांबूच्या काडीने टोचून जोडा. जमिनीपासून उभ्या तुकड्याच्या डोक्यापर्यंत एकूण बारा इंच भरले पाहिजेत. आता भोवती माती दाबत चला, भिंत चार-पाच इंच जाड. मुठीने ठोकून ठोकून भरा, मध्ये हवा राहिली की तिथेच तडा जातो. आडव्या खुंटाचं पुढचं टोक उघडं राहील, तेच चुलीचं तोंड. माती जरा आवळली की खुंट कोयत्याने कोरून काढा.

जाळी. तोंडात तळापासून दोन इंचांवर लोखंडी पट्टी किंवा तीन सळया आडव्या बसवा. लाकूड वर, वारा खालून. ही जागा राखेने भरू दिलीत तर सगळी मेहनत वाया, म्हणून राख रोज ओढा.

भांड्याची बैठक. वरच्या तोंडाभोवती मातीचे तीन गोळे बसवा. त्यावर भांडं ठेवल्यावर खाली करंगळी जाईल एवढी फट हवी. फट कमी असली तर जाळ कोंडतो आणि धूर होतो, जास्त असली तर उष्णता निसटते. भांड्याच्या कडेने दोन इंच उंच मातीचं कडं घाला आणि तिथेही करंगळीचंच माप ठेवा, म्हणजे जाळ भांड्याला घासून वर जातो. माप घरातल्या रोजच्या पातेल्याने घ्या.

सावलीत वाळवा. मग तीन दिवस नुसत्या काटक्यांचा हलका जाळ करा, त्यानंतर स्वयंपाक.

आता खरी अडचण. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांशी उभी शेकायची, ही आपली रीत, आणि लहान तोंडाशी निखारे बाहेर येत नाहीत. १९८३ ते २००२ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, गावोगाव चुली बसल्या, आणि कितीतरी घरांत त्या मोडल्या किंवा कोपऱ्यात पडून राहिल्या. स्वयंपाक करणारीला विचारल्याशिवाय चूल घातली की असंच होणार. म्हणून तिला सुरुवातीपासून जवळ बसवा, उंची तिला ठरवू द्या, आणि तोंडापुढे वीतभर मातीची पाळी करा, तिच्यावर उलथन्याने निखारे ओढता येतात. तेही जमेना तर पहिली चूल आंघोळीच्या पाण्याची घाला. तिथे तक्रार कमी, आणि निफाडच्या थंडीत सरपण सगळ्यात जास्त जातं ते तिथेच.

धूर कमी होतो, पण संपत नाही. चूल पडवीत किंवा खिडकीशीच हवी.

जळण. लाकूड अंगठ्याएवढं जाड आणि खडखडीत वाळलेलं असावं. इथे एक धोका आहे. बारीक लाकूड हवं म्हणून साग-ऐनाच्या खुंटांना फुटलेले कोवळे धुमारे तोडले तर रान पुन्हा उभंच राहणार नाही. जाड वाळकं लाकूड कुऱ्हाडीने चिरा. तुराट्या वापरा. घाणेरी (टणटणीचं झुडूप) तोडा, ती वाळली की मस्त पेटते आणि रानालाही नकोशीच आहे. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मिळतील, पण त्यांच्यावर औषधाचे फवारे बसलेले असतात. त्या बाहेरच्या पाण्याच्या चुलीलाच लावा, भाकरीला नको.

शेवटी ताणकाट्यावर मोजा. जुन्या चुलीवर तीन दिवस, नव्या चुलीवर तीन दिवस, माणसं तेवढीच, स्वयंपाक तोच. सकाळी मोळी तोला, रात्री उरलेलं तोला. फरक दिसला नाही तर आधी करंगळीची फट पाहा, मग जाळीखालची राख.