ट्रेलरचं तापलेलं चाक

अमेरिकेतल्या युटामधल्या मोआबजवळ पेट्रोल भरायला थांबलो, सवयीने ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) चारही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या भागावर, हात फिरवला. तीन कोमट, मागचं डावं मात्र हात टेकवू देईना. हळूहळू कॅम्पग्राउंड गाठलं. जॅक लावून चाक हलवलं तर खडखड. ब्रेकचा ड्रम काढला आणि कपाळावर हात मारला. ग्रीस अडवणारं आतलं सील फाटलेलं, ग्रीस सगळं ब्रेक शूवर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर! चूक माझीच, ग्रीसगनने हौसेने दाबून भरलं होतं, त्या दाबानेच सील फाटलं. ग्रीस प्यायलेले शू पुसून सुधारत नाहीत, बदललेच. बेअरिंगचे रोलर तापून निळसर पडलेले, म्हणून बेअरिंग आणि ते ज्यात फिरतं ती बाहेरची कडी, म्हणजे कपही नवे. चाक फिरवत नट घट्ट केला, मग सैल करून नुसत्या बोटांनी आवळला, तो फिरू नये म्हणून नवी स्प्लिट पिन घातली. पन्नासेक मैलांनी पुन्हा हात लावला. कोमट.