पुढची गाडी कुठल्या इंधनावरची घ्यायची, हे कसं ठरवायचं

शोरूमला जायच्या आधी दोन गोष्टी लिहून काढा. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि महिन्याला खरंच किती किलोमीटर पळते. अंदाज नको, १ तारखेला मीटरचा फोटो काढा आणि पुढच्या १ तारखेला परत काढा, माझा अंदाज दीड हजाराचा होता आणि निघाले नऊशे.

स्वतःचं पार्किंग आहे आणि तिथे १५ अँपिअरचा पॉइंट येऊ शकतो? मग आधी इलेक्ट्रिकच बघा. छोटी इलेक्ट्रिक गाडी शहरात युनिटला ६-७ किमी जाते, म्हणजे रोजचे ४० किमी धरले तर सहा-सात युनिट, अडीच तासात काम झालं. महावितरणकडून वेगळं मीटरही घेता येतं. पण सोसायटीत राहत असाल तर कमिटीची एनओसी हातात आल्याशिवाय बुकिंग करू नका प्लीज, आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी गाडी आधी आणली आणि मग चार महिने बाहेरच्या महागड्या चार्जरवर काढले.

गाडी रस्त्यावर उभी राहते आणि रनिंग भरपूर आहे, तर सीएनजी. हिशोब सोपा आहे, पंपावरचा भाव भागिले ॲव्हरेज, दोन्ही इंधनांचा करा. समजा किमीमागे अडीच रुपये वाचतात आणि गाडीला ९० हजार जास्त मोजलेत, तर ३६ हजार किमीनंतर खरी बचत सुरू होते. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते ते विसरू नका. आणि टाकीने किती जागा खाल्ली ते डिकी उघडून बघा, खरंतर घरची मोठी बॅग सोबतच न्या आणि ठेवून बघा.

आता इथेनॉल. पंपावर २० टक्के मिसळलेलं पेट्रोल आहेच, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. पूर्ण इथेनॉलवर चालणारी गाडी येईल या आशेवर मात्र थांबू नका. मला स्वतःला इथेनॉल हवंय, उसाच्या पट्ट्यातला माणूस आहे मी, पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करणंच काही काळ रोखलं होतं. पावसाने ओढ दिली की टाकीपर्यंत परिणाम येतो, मळी आणि मक्यावर किती भागणार?

हायड्रोजनसाठी तर अजिबात थांबू नका. मार्च २०२२ मध्ये गडकरी टोयोटाच्या मिराई या हायड्रोजनवरच्या कारमधून संसदेत गेले तेव्हापासून लोक विचारतायत कधी येणार. विजेपासून १ किलो हायड्रोजन करायला ५० च्या वर युनिट लागतात आणि तेवढ्यात ती गाडी शंभर-सव्वाशे किमी जाते, तीच ५० युनिट सरळ बॅटरीत भरली तर ३०० किमी. लांब पल्ल्याच्या ट्रकला कदाचित जमेल, आपल्या कारला मला तरी दिसत नाही.

आणि महिन्याला ५०० किमीसुद्धा होत नसतील तर आहे ती गाडी ठेवा. फक्त ती एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे २० टक्के इथेनॉल धरून न बनवलेली असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून इंधनाचे रबरी पाइप बघून घ्या, माझ्या जुन्या गाडीचा पाइप त्याने वाकवून दाखवला तेव्हा वरून बारीक चिरा पडलेल्या दिसल्या, हाताला कडक लागत होता. लगेच बदलून टाकला.