मांजराने आपणहून जवळ यावे म्हणून

घरात मांजर आणले की पहिल्या आठवड्यातच अनेकांची निराशा होते. पिल्लू मांडीवर बसेल, हाक मारताच धावत येईल, रात्री पायांशी झोपेल अशी आशा असते, आणि ते मात्र भाताच्या कणगीमागे किंवा माळ्यावरच्या जुन्या सामानात दडून बसते, जेवणापुरते खाली उतरते आणि हात पुढे केला की अंग चोरून निघून जाते. गुहागर तालुक्यातील आमच्या घरी गेली वीसेक वर्षे मांजरे आहेत. काही गोठ्यात जन्मलेली, काही पावसात भिजून पडवीत आश्रयाला आलेली. त्यांच्या सहवासात मला एक गोष्ट पक्की कळली आहे. मांजराची जवळीक हवी असेल, तर जवळ येण्याचा आणि दूर जाण्याचा निर्णय त्याच्याच हाती राहील अशी व्यवस्था घरातल्या माणसांनी करावी लागते. पुढील सूचना या व्यवस्थेविषयी आहेत.

आधी त्याच्या अलिप्तपणाचे मूळ समजून घ्यावे, म्हणजे रागही येत नाही आणि घाईही होत नाही. आपले घरमांजर हे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतील रानमांजराचे वंशज आहे. हे रानमांजर एकट्याने शिकार करणारे. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहत आणि एकमेकांचा कल ओळखून वागत. मांजराच्या पूर्वजांना तशी गरजच पडली नाही. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, म्हणजे ही सोबत फार जुनी आहे; पण त्या सर्व काळात मांजराकडून आज्ञापालनाची अपेक्षा फारशी कोणी केली नाही. कोकणातही भाताच्या कणग्या आणि घरातले उंदीर यांच्यासाठीच मांजर ठेवले जाई. शिवाय मांजर जसे शिकारी आहे तसेच ते कुत्र्याचे आणि बिबट्याचे भक्ष्यही आहे. त्यामुळे कोणी अचानक वरून हात घालून उचलले, तर आपण पकडले गेलो असेच त्याच्या शरीराला वाटते, मग तो हात कितीही मायेचा असो.

तरीही मांजर केवळ मासळीपुरते माणसाला ओळखते, ही समजूत मला अन्यायाची वाटते. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात पिल्लांना सांभाळणाऱ्या माणसापासून दोन मिनिटे दूर ठेवले आणि तो माणूस परत आल्यावर ती कशी वागतात ते पाहिले. सुमारे ६४ टक्के पिल्ले त्या माणसाला भेटून शांत झाली आणि निर्धास्तपणे पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. त्याआधी २०१७ मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी मांजरांपुढे अन्न, खेळणे, वास आणि माणसाचा सहवास असे पर्याय ठेवले, तेव्हा निम्म्या मांजरांनी माणसाचा सहवास निवडला. जपानमधील अत्सुको साइतो यांच्या अभ्यासांतून मांजर आपल्या माणसाचा आवाज आणि स्वतःचे नाव ओळखते हे दिसले. हाक ऐकून ते नुसता कान फिरवते आणि जागचे हलत नाही, एवढाच फरक. त्या फिरलेल्या कानाकडे आपले लक्ष जायला हवे.

पिल्लू घरात येण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले असते. वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसाचा हात, आवाज आणि वास यांची सवय होते, ते पुढे माणसाला सहज जवळ करते. हा काळ निघून गेला की तेच काम फार सावकाश होते. आपल्याकडे अडचण अशी की मांजर विते ते पेंढ्याच्या उडवीत, लाकडांच्या खोलीत किंवा मांगराच्या माळ्यावर. ती पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, आणि महिना-दीड महिना उलटल्यावर पिल्ले अंगणात दिसू लागतात तेव्हा तो मोलाचा काळ बराचसा संपलेला असतो. म्हणून व्यालेली जागा कळली आणि मांजरीचा आपल्यावर विश्वास असला, तर तिसऱ्या आठवड्यापासून दिवसातून दोन-तीन वेळा तिथे जाऊन बसावे, प्रत्येक पिल्लाला काही मिनिटे ओंजळीत घ्यावे आणि परत तिच्या कुशीत ठेवावे. हे काम घरातील एकाच व्यक्तीने करू नये. पुरुष, स्त्री, समजूतदार मूल अशा निरनिराळ्या हातांची सवय झालेले पिल्लू पुढे परक्या माणसालाही फारसे बुजत नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. बारा आठवडे थांबता आले तर अधिक चांगले, कारण चावा किती हळू घ्यायचा आणि नख कधी आत ओढायचे हे ते आईपाशी आणि भावंडांशी खेळतानाच शिकते. बोक्याचा धीट किंवा भित्रा स्वभावही पिल्लांत उतरतो, त्यामुळे एकाच वेतातील सर्व पिल्ले सारखी माणसाळतील अशी अपेक्षा धरू नये.

नवे मांजर आणल्यावर त्याला सगळे घर एकदम मोकळे करून देऊ नये. माजघराला लागून असलेली एखादी शांत खोली द्यावी, तिच्यात आडवा ठेवलेला एक खोका, चढून बसायला फडताळ किंवा उंच फळी, पाणी आणि कोरड्या वाळूची पाटी असावी. अन्न आणि वाळू एकमेकांपासून लांब ठेवावी. आपल्या वापरलेल्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा खोक्यात घालावा. आपल्याला न्याहाळण्याआधी ते आपला वास ओळखून घेते. त्या खोलीची फरशी फिनेलने पुसू नये, कारण तो उग्र वास त्याला नकोसा होतो आणि पायाला लागलेले फिनेल चाटल्यास विषबाधाही होऊ शकते. खोक्यातून त्याला ओढून काढण्याचा मोह मात्र सर्वांनाच होतो आणि तोच सर्वाधिक नुकसान करतो. लपण्याची जागा सुरक्षित आहे याची खात्री पटली, तरच ते ती जागा सोडून बाहेर येते.

आता बसण्याविषयी. मांजराशी ओळख करून घ्यायची तर उभे राहू नये, जमिनीवर किंवा पाटावर बसावे, आणि तेही त्याच्याकडे थोडी पाठ करून. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावे, पण त्याच्याकडे टक लावून पाहू नये, कारण रोखलेली नजर ही मांजरांच्या जगात धमकी असते. नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्‌समथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की माणसाने असे डोळे मिटले की मांजरही तशाच प्रकारे डोळे बारीक करते आणि अनोळखी माणसाजवळही अधिक सहजतेने येते. मांजर डोळे मिटून दूध पिते असे म्हणत आपण त्या मिटलेल्या डोळ्यांवर लबाडीचा आरोप केला आहे. प्रत्यक्षात आपल्यासमोर मिटलेले मांजराचे डोळे हा विश्वासाचा पुरावा असतो.

ते जवळ आल्यावर एक बोट किंचित वाकवून त्याच्या नाकाच्या उंचीवर धरावे आणि तिथेच स्थिर ठेवावे. ते हुंगेल. हुंगून गाल घासला तर पुढे जावे. मान वळवली तर हात मागे घ्यावा आणि त्या दिवशी तेवढ्यावरच समाधान मानावे. कुरवाळण्याची जागा गालांवर, हनुवटीखाली आणि कानांच्या मुळाशी. तिथे त्याच्या गंधग्रंथी असतात, आणि गाल घासून ते आपल्याला स्वतःचा वास लावते, म्हणजे आपल्या माणसांत मोजते. पोटाला आणि शेपटीच्या मुळाशी हात लावू नये. मांजर समोर पाठीवर लोळले म्हणजे पोट कुरवाळण्याचे ते निमंत्रण आहे असे समजून अनेकांनी ओरखडे घेतले आहेत. ते लोळणे हा निर्धास्तपणा आहे. तो पाहावा आणि हात आवरावा. दोन-तीन वेळा कुरवाळून थांबणे ही माझ्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत उपयोगी सवय होय. हात थांबल्यावर मांजराने डोके पुढे केले तर पुन्हा कुरवाळावे, ते स्वस्थ बसले तर आपणही स्वस्थ बसावे. शेपटीचे टोक आपटू लागले, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली किंवा घुरघुर मध्येच थांबली, तर त्याला पुरे झाले आहे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासातही माणसांनी मांजराला निवड करू दिली, त्याच्या खुणांकडे लक्ष दिले आणि योग्य जागीच स्पर्श केला, तेव्हा मांजरे अधिक प्रेमाने वागली आणि चावणे, ओरखडणे कमी झाले. ओरखडा किंवा चावा लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कोकणात या ओळखीला सर्वांत अनुकूल काळ पावसाळ्याचा. कौलांवर पाऊस कोसळत असतो, अंगणात पाऊल टाकवत नाही, आणि एरवी दिवसभर परड्यात हिंडणारे मांजर पाणचुलीजवळच्या ऊबदार राखेत किंवा चुलीच्या वैलापाशी येऊन बसते. त्याच वेळी आपणही घरातच असतो. त्या उबेत त्याच्यापासून दोन हातांवर रोज थोडा वेळ नुसते बसावे. शिकारीची त्याची भूक भागेल असा खेळही याच दिवसांत घ्यावा. माडाच्या झावळीचा लांब हीर घेऊन त्याच्या टोकाला चिंधीचा बोळा बांधावा आणि तो भिंतीच्या कडेने, उंबऱ्याआडून, उंदीर पळावा तसा सरकवावा. दहा मिनिटे पुरतात. शेवटी बोळा त्याला पकडू द्यावा आणि लगेच जेवण वाढावे. पाठलाग, पकड, जेवण आणि झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम पूर्ण झाला की ते शांत होते आणि पुष्कळदा खेळवणाऱ्याच्या शेजारीच अंग चाटत बसते. हाताने खेळवू नये; एकदा हात शिकार ठरला की मोठेपणी दात आणि नखे त्यावरच चालतात.

जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि शक्यतो एकाच हाकेने वाढावे. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत घरोघरी सुकी मासळी येते, पण खारवलेला बांगडा मांजराला देऊ नये. मीठ न घातलेली, उकडलेली, काटे काढलेली मासळी, कोंबडीचे मांस किंवा अंडे द्यावे. आमटी-भात कालवून देण्याची पद्धत आहे, पण कांदा-लसणाने मांजराचे रक्त बिघडते आणि नुसत्या भातावर ते निरोगी राहू शकत नाही. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूधही पचत नाही.

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात आणि घर भरते. महिनाभर जोडलेली ओळख दोन दिवसांत उसवते ती याच वेळी. मुले मांजराचा पाठलाग करतात, फटाके आणि ढोल वाजतात, आणि मांजर चार-चार दिवस माळ्यावरून खाली येत नाही. पाहुणे येण्याआधीच त्याची खोली किंवा माळा मुलांसाठी बंद आहे असे सर्वांना सांगून ठेवावे आणि जेवण-पाणी तिथेच पोचवावे. मुलांना हाकलण्यापेक्षा काम द्यावे: भिंतीला पाठ टेकून बसायचे, बोट पुढे करायचे आणि मांजर येईपर्यंत बोलायचे नाही. सात-आठ वर्षांचे मूल हे मनापासून करते, आणि मांजराने गाल घासला की त्याचा चेहरा उजळतो.

नेहमी जवळ येणारे मांजर अचानक दूर राहू लागले, तर ते स्वभावावर घालू नये. आजारी मांजर लपते, आणि वेदना होत असतानाही ते घुरघुरू शकते. जेवण सुटले किंवा बोका वारंवार वाळूत बसूनही लघवी होत नसली, तर तासही न दवडता पशुवैद्याकडे न्यावे. माणसाची औषधे कधीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लसीकरण आणि नसबंदी वेळेवर करावी. नसबंदीनंतर बोक्यांचे भटकणे आणि भांडणे बरेच कमी होते, आणि घरी राहणाऱ्या बोक्याशीच ओळख वाढू शकते.

काही मांजरे इतके करूनही मांडीवर येत नाहीत. विशेषतः मोठेपणी आश्रयाला आलेली, लहानपणी माणसाचा हात न लाभलेली मांजरे आयुष्यभर एक अंतर ठेवतात. आमच्याकडे अशी एक तांबूस भाटी नऊ वर्षे होती. तिला कोणी कधी उचलले नाही. पण मी संध्याकाळी ओटीवर बसले की ती जोत्यावर येऊन, मला पाठ करून बसे, आणि मी उठेपर्यंत हलत नसे. आपल्याकडे पाठ करून झोपणे, शेपटी उभी धरून समोरून येणे, आपण असू त्या खोलीत येऊन आडवे होणे, या सर्व त्याच्या जवळीक दाखवण्याच्या रीती आहेत. अशा मांजराला मांडीची सवय लावण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि त्याची बसण्याची जागा राखून ठेवावी.

मुंबईहून काही महिन्यांनी घरी परतणाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी मांजराला उचलून घेण्याची घाई करू नये. पिशव्या ओटीवर ठेवाव्यात, पाय धुवावेत, खाली बसावे आणि नेहमीच्या नावाने एकदाच हाक मारावी. ते खांबाआडून पाहील, पिशव्या हुंगेल, मग पायांपाशी येईल. त्याने पोटरीला अंग घासले की मग बोट पुढे करावे.