घरातून धंदा करायचाय? आधी जिना बघा, मग परवाना

गुमास्ता (दुकान-आस्थापनेची सरकारी पावती) काढला, फूडचा म्हणजे अन्न नोंदणीचा नंबर आला, उद्यमचं (छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं) सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी टांगलं. आता कोण काय बोलणार? असं म्हणणाऱ्या तिघांच्या घरी मी सोसायटीचा सचिव म्हणून जाऊन आलोय. तिघांचेही कागद अस्सल होते. फक्त ‘या फ्लॅटमध्ये हा धंदा चालतो का’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकाही कागदावर नव्हतं.

घोळ इथेच होतो. फूडची नोंदणी सांगते की अन्न कोण बनवतं. गुमास्त्याची पावती सांगते की तुम्ही कामगार खात्याला कळवलंय. उद्यम सांगतं की धंदा छोटा आहे. तुमची इमारत, तुमचा मजला, तुमच्या खाली राहणारे आजोबा यांच्याकडे यातलं कुणीच बघत नाही. म्हणून सायबर कॅफेवाला सांगतो त्याच्या नेमक्या उलट क्रमाने जायचं. आधी घर, मग मीटर, मग माल, आणि शेवटी सरकारी पावत्या.

उदाहरणाला माझी वहिनीच घेतो. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. धंदा चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट.

घर कशात बसतं ते आधी वाचा

मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर महाराष्ट्रातल्या बांधकामांना 2020 ची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागते. नगररचनावाले तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला 2034 च्या आराखड्याची वेगळी नियमावली आहे. दोन्हींत ‘होम ऑक्युपेशन’ म्हणजे घरगुती व्यवसायाची व्याख्या आहे आणि निवासी भागात असा व्यवसाय चालतो. पण त्या एका वाक्यात इतक्या अटी कोंबल्यात, की प्रत्येक अट सुटी करून बघावी लागते.

काम घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांनीच करायचं, पगारी माणूस नाही. वहिनी आणि तिची सासू, म्हणजे माझी आई, भाजणी भाजतात तोवर ठीक. दिवाळीच्या आधी पाकिटं भरायला दोन बायका रोजावर बोलावल्या की व्याख्येतून बाहेर.

घराबाहेरून धंदा चालतोय असं दिसता कामा नये. बाल्कनीला फ्लेक्स नाही, गेटवर बाण नाही.

विकायचं ते तिथेच बनवलेलं. ही अट भल्याभल्यांना माहीत नसते. भाजणी चालते, शिवलेले ब्लाउज चालतात. सुरतेहून गठ्ठा आणून हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन मांडणं काटेकोर वाचलं तर यात बसत नाही. लोक सर्रास करतात, तक्रार होईपर्यंत कुणी विचारतही नाही, हेही खरं.

खाण्यापिण्याची जागा नाही. डबा भरून बाहेर पाठवणं वेगळं आणि हॉलमध्ये चार टेबलं टाकून खानावळ चालवणं वेगळं.

धोकादायक काही नाही, यंत्रं घरात एरवी वापरतात तशीच, आणि मोटर असेल तर एकूण विद्युतभार 0.75 किलोवॉटच्या वर नको. हा आकडा वाचल्यावर मी वहिनीला म्हटलं, “घरघंटीच्या मागची पट्टी वाचा.” ती मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकली. “भावजी, एक एचपी लिहिलंय.” एक एचपी म्हणजे 746 वॅट. चार वॅटनी वाचलो! पण मिरची-मसाल्यासाठी दोन एचपीचा पल्व्हरायझर (दळायचं मोठं यंत्र) घ्यायचं तिच्या मनात होतं, ते त्याच दिवशी बारगळलं. तो घ्यायचा तर गाळा बघावा लागेल.

वकील, सीए, डॉक्टर यांचं राहत्या घरातलं ऑफिस किंवा बाह्यरुग्ण दवाखाना हा वेगळा विषय. त्याला नियमावलीत स्वतंत्र तरतूद आणि क्षेत्रफळाची मर्यादा आहे. तुमचं काम त्यातलं असेल तर पालिकेच्या बांधकाम विभागात तेवढंच कलम काढून बघा.

सोसायटीचं पत्र

सहकारी सोसायटीच्या उपविधींनुसार फ्लॅट ज्या कारणासाठी दिला त्याहून वेगळ्या कामाला वापरायचा तर समितीची आधी परवानगी लागते. बहुतेक जण ती मागतच नाहीत, कारण नकाराची भीती. माझा अनुभव उलटा आहे. समितीला भाजणीचं वावडं नसतं. लिफ्टमध्ये अडकलेला डिलिव्हरीचा पोरगा, पार्किंगमध्ये आडवी लावलेली बाइक आणि रात्री अकराला लागलेली घरघंटी यांचं असतं. अर्जात याचंच उत्तर आधी देऊन टाकायचं. वहिनीच्या अर्जाचा मजकूर जवळपास असा होता:

“मी माझ्या सदनिकेत घरच्या माणसांच्या मदतीने भाजणी व मेतकूट तयार करून विकू इच्छिते. पगारी कामगार ठेवणार नाही. एक एचपीची एकच घरघंटी सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत चालेल. बाहेर पाटी लावणार नाही. माल मी स्वतः गेटवर आणून देईन, डिलिव्हरीची मुले वर येणार नाहीत. ओला कचरा रोजच्या वर्गीकरणाप्रमाणेच देईन. तक्रार आल्यास समितीने मला लेखी कळवावे, ही विनंती.”

दोन प्रती काढा आणि एकीवर सोसायटीचा शिक्का व आवक क्रमांक घ्या. नुसतं “हो हो, करा की” हे सचिव बदलला की हवेत विरतं, हे मी माजी सचिव म्हणून सांगतो. समितीचा ठराव झाला तर त्याची प्रत मागून घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा. पुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायची वेळ आली तर तिथे तोंडी बोलणं चालत नाही. आणि घरघंटीखाली जाड रबरी पट्टी घाला. अर्ध्या तक्रारी आवाजाच्या नसतात, खालच्या छतातून जाणवणाऱ्या थरथरीच्या असतात.

घर भाड्याचं असेल तर करारनामा काढून बघा. ‘फक्त राहण्यासाठी’ हे वाक्य त्यात बहुतेक असतंच. मग मालकाचं संमतिपत्र आधी, सोसायटीचं नंतर.

गावात राहत असाल तर सोसायटीच्या जागी ग्रामपंचायत आहे. नमुना 8 चा उतारा घराच्या पुराव्याला चालतो आणि ना हरकत दाखला तिथूनच मिळतो.

मीटर आणि सिलिंडर

घरातून धंदा म्हटलं की ‘कमर्शिअल मीटर घ्यावा लागेल’ असं कुणीतरी घाबरवतंच. दर वेळी लागत नाही. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत महावितरणच्या घरगुती वर्गवारीत एक सोय आहे: राहत्या घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर होतो आणि मर्यादा ओलांडली असेल तर आधी कळवून पुढे दर बदलतात. घरघंटीचाही तिथे स्वतंत्र उल्लेख आहे, पण फक्त घरच्या दळणासाठी असेल तर. विकायच्या भाजणीला 300 युनिटांचा नियमच बघायचा.

वहिनीचा हिशेब सोपा. पाऊण किलोवॉटची मोटर रोज तीन तास, महिन्यात वीस दिवस, म्हणजे 45 युनिट. घरचा वापर 160 च्या आसपास. उन्हाळ्यात एसी लागला तरी 300 च्या आत. केक करणाऱ्यांनी मात्र ओव्हनचे वॅट मोजून बघावेत, तिथे गाडी भराभर पळते.

मर्यादेबाहेर जाऊन गप्प बसू नका. विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये ‘मंजूर कारणाखेरीज वापर’ हा अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. गैरवापर नेमका कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात.

गॅसला अशी सवलत नाही. 14.2 किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरता. विकायच्या मालासाठी 19 किलोचा निळा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि तो ठेवायचा म्हणजे सोसायटीच्या पत्रात त्याचा उल्लेख आलाच. वहिनी भाजणी इंडक्शनवर भाजते. तिचं म्हणणं, आच एकसारखी राहते. माझं म्हणणं, मग ते युनिट बेरजेत धरा.

फूडचा नंबर आणि पाकीट

घरगुती म्हणून अन्नाला सूट नाही. एका वर्गातल्या मैत्रिणींना चिवडा विकायचा तरी नोंदणी हवी. 2011 च्या परवाना नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली; तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती. अर्ज अन्न परवान्यांच्या सरकारी फॉस्कॉस पोर्टलवर, नमुना ‘अ’. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसणारी उलाढालीची मर्यादा आणि फी बघून घ्या, दलालाच्या तोंडून नको. अर्ज गेल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारणासह नाकारायची किंवा तपासणी सांगायची, असा नियम आहे. हाती येतो तो 14 आकडी क्रमांक.

खरी मेहनत पाकिटाची. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने (भाजणीत तांदूळ आधी, धणे-जिरे शेवटी), हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, सर्व करांसह कमाल किंमत, 14 आकडी क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. भाजणीत गहू असेल तर तो ठळक लिहा; काहींना चालत नाही. पाकिटावर घरचा पत्ता छापला जातो, त्यामुळे कुणीतरी रविवारी दुपारी बेल वाजवून “अर्धा किलो आहे का हो?” विचारणार, ही तयारी ठेवा.

वजनाचं खातं वेगळं, वैध मापन शास्त्र. माल आधी पाकिटबंद करून विकणाऱ्याने 90 दिवसांत तिथे नोंद करायची असते, फी 500 रुपये. आणि ऑनलाइन मागवलेला चारशे रुपयांचा किचन काटा विक्रीला चालत नाही. या खात्याचा शिक्का मारलेला काटा घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दर वर्षी. ही गोष्ट वहिनीला मी सांगितली नाही, काटेवाल्याने सांगितली.

उरलेल्या पावत्या

गुमास्ता, म्हणजे पुण्याच्या भाषेत शॉप अ‍ॅक्ट. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात छोट्यांना नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची: नमुना ‘एफ’ भरायचा, ‘जी’ पावती मिळते, धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत. ‘छोटे’ म्हणजे मुळात दहापेक्षा कमी कामगार. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. घरच्या धंद्याला दोन्हींनी फरक पडत नाही. बँकेत चालू खातं उघडताना ही पावती उपयोगी पडते.

आता गंमत बघा. 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या आस्थापनेलाही देवनागरीत मराठी पाटी लागते आणि घरगुती व्यवसायाची व्याख्या म्हणते बाहेरून काही दिसू नये. एक खातं पाटी मागतं, दुसरं लपवायला सांगतं. वहिनीने हॉलच्या आतल्या भिंतीवर एक फूट लांब मराठी पाटी लावली. कुणी विचारलं तर पाटी आहे, जिन्यातून दिसत नाही.

व्यवसाय कर विसरला जातो. स्वतःचा धंदा करणाऱ्याची नावनोंदणी म्हणजे पीटीईसी, वर्षाला 2,500 रुपये. 65 वर्षं उलटलेल्यांना माफ. जीएसटी मालाला वर्षाला 40 लाख आणि सेवांना 20 लाख उलाढालीपर्यंत लागत नाही; माल राज्याबाहेर पाठवायला लागलात तर मात्र हा आधार सुटतो, म्हणून बेळगाव किंवा इंदूरची पहिली ऑर्डर घेण्याआधी सीएला फोन करा. उद्यम फुकट आहे, आधारवर होतं. शोधताना वर दिसणाऱ्या ‘प्रोसेसिंग फी’वाल्या साइट सरकारी नाहीत.

महापालिकेचा व्यवसाय परवाना सगळ्यांना लागत नाही. मुंबईत 1888 च्या कायद्याचं कलम 394 आणि इतर महापालिकांत 1949 च्या कायद्याचं कलम 376 यांत ज्या वस्तू आणि धंदे येतात त्यांनाच. साठा, यंत्र, आगीचा धोका असलेलं काम असेल तर वॉर्ड ऑफिसात विचारा. मिळकतकराचंही तिथेच बघा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या निवासी घराला 40 टक्के सवलत मिळते. घराचा वापर बदलल्याची नोंद झाली तर तिच्यावर परिणाम होतो.

वहिनीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. मार्चचं बिल आलं की बारा महिन्यांचे युनिट जोड. 30 जूनच्या आत पीटीईसी. गणपतीच्या आधी काट्याचा शिक्का. फूड नंबरची फी. आणि सगळ्यात खाली, माझ्या सांगण्यावरून नव्हे, तिच्या मनाने: खालच्या मजल्यावर पहिलं पाकीट.