चवडा दुखतोय? ऑपरेशनच्या आधी हे करून बघा

पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरावरच १६०० मीटर मारतात, पोरी ८००, आणि मग महिनोन्महिने चवडा धरून बसतात. बहुतेकांचं बिना ऑपरेशन भागतं, फक्त नेमकं कुठं दुखतंय ते आधी बोटानं दाबून शोधा.

दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या बुडाशी तळव्यात दुखत असेल तर तिथल्या हाडांवर लोड जास्त येतोय. त्याला मेटाटार्सल पॅड (बुटात चिकटवायची छोटी मऊ गादी) मिळतो, पण लोक तो बरोबर दुखतंय तिथंच चिकटवतात आणि मग म्हणतात फरक नाही! पॅड दुखऱ्या जागेच्या जरा मागं, टाचेकडं पाहिजे. दुखऱ्या जागी ओलं कुंकू लावा, बुटातला इनसोल काढून त्यावर उभं राहा, ठसा उमटला की त्याच्या मागं पॅड लावा, झालं.

अंगठ्याच्या खाली दुखत असेल तर तिथं मण्यासारखी दोन बारकी हाडं असतात, पॅड तिथं कापून खाच ठेवायची म्हणजे त्यांच्यावर वजन येत नाही. अंगठ्याचा सांधाच आखडलाय, वर वाकवला की दुखतो, तर मऊ वाकणारे बूट बंद, कडक तळाचे आणि पुढून वर उचललेले घ्या.

पावलाच्या वरून एकाच हाडावर बोट ठेवलं की कळ येते, सूज पण आहे, तर पळणं आजच थांबवा. स्ट्रेस फ्रॅक्चर (सारख्या भारानं हाडाला गेलेली बारीक चीर) पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून पळू नका, हाडाच्या डॉक्टरला दाखवा. करंगळीच्या बाजूचं हाड दुखत असेल तर अजिबात टाळाटाळ नको, तिथलं काही फ्रॅक्चर लवकर जुळत नाही. शुगर असणाऱ्यांनी पण घरगुती प्रयोग करू नयेत.

पोटरी आखडली की चवड्यावर भार वाढतो. भिंतीला हात लावून ३० सेकंद ताण, तीन वेळा, एकदा गुडघा सरळ ठेवून एकदा वाकवून, रोज. मग टॉवेल (सोलापुरात घरोघरी असतोच) फरशीवर टाकून बोटांनी ओढायचा. गोळी खाऊन पळायचं नाही, दुखणं झाकतं फक्त. स्टेरॉईडचं इंजेक्शन सारखं सारखं घेतलं तर तळव्याची चरबी झिजते, तेव्हा डॉक्टरला विचारूनच.

तोवर सायकल चालवा, दम टिकतो. भरभर चालताना दुखलं नाही की एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, एक दिवस आड, मातीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर एक पायरी मागं या. स्पाईक्स (खिळ्यांचे बूट) सगळ्यात शेवटी.